आमच्या चर्चच्या मंडळीचं उत्पन्न घटलंय, घरांवर कर्जं आहेत: थैली, एफडी आणि दशांश यांचा मेळ कसा घालायचा?

हंगामी_खजिनदार

सर्वांना सलाम.

अहिल्यानगर जिल्ह्यातली तालुक्याच्या गावची मंडळी, 110 कुटुंबं. निम्मी एमआयडीसीत कंत्राटी कामावर, बाकी शेती, शाळा, नर्सिंग. पाळ्या कमी झाल्या, कांद्यालाही भाव नाही, त्यामुळे महिन्याचं उत्पन्न (वर्गणी, दशांश म्हणजे कमाईच्या दहाव्या भागाचं दान, आणि रविवारच्या सभेत गोळा होणारी थैली धरून) 62,000 वरून 41,000 वर आलंय. खर्च असा:

पाळकांचं (पाद्रींचं) मानधन 24,000
सेक्स्टन (चर्चची देखभाल करणारा) 8,000
डायोसिसचं (बिशपच्या प्रांताचं) असेसमेंट, म्हणजे मंडळीने वर भरायचा वाटा 9,000
वीज-पाणी 3,500
शब्बाथ शाळा व तरुण संघ 4,000
गरीब फंड 3,000
साउंड सिस्टिमचा हप्ता 6,500 (पाच हप्ते बाकी)

एकूण 58,000. बचत खात्यात 1,10,000 आहेत. छपरासाठी गोळा केलेले 6,00,000 एका पतसंस्थेत साडेनऊ टक्क्यांनी एफडीत आहेत, मुदत आठ महिन्यांनी संपते.

कमिटीत तीन मतं आहेत. एक, एफडी मोडून मानधन भागवा. दोन, दशांशाची थकबाकी नावानिशी वाचून दाखवा. तीन, सावकारीत अडकलेल्या घरांना मंडळीनेच कमी व्याजाने कर्ज द्यावं. जाणकारांनी कायद्याने, हिशेबाने आणि वचनाने काय बसतं ते सांगावं. घरांनी स्वतःचं कसं सावरावं, हेही हवं आहे.

ताळेबंद

आधी एफडी. छपरासाठी म्हणून मागितलेला पैसा छपराचाच. ताळेबंदात तो 'इमारत निधी' म्हणून दायित्वाच्या बाजूला वेगळा दिसायला हवा. मानधनाला वापरलात तर दात्यांचा विश्वास मोडतो, आणि लेखापरीक्षकाला तो शेरा लिहावाच लागतो. त्यामुळे पहिल्या मताला उत्तर 'नाही'.

पण ती एफडी आहे तिथे ठेवणंही चूक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950, कलम 35 पाहा. संस्थेचा पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्टाची बचत बँक, शासनाने त्यासाठी मान्य केलेली सहकारी बँक किंवा सरकारी रोखे यांतच ठेवायचा, असं ते कलम सांगतं. पतसंस्था त्यात नाही. शिवाय पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं) विमा संरक्षण नसतं. बँकेत ते 5 लाखांपर्यंत असतं, तेही मुद्दल आणि व्याज मिळून, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या एकाच नावावरच्या ठेवी एकत्र धरून. म्हणून 6 लाख एकाच बँकेत न ठेवता 3-3 लाख दोन बँकांत ठेवा.

आज मोडायची की आठ महिने थांबायचं? मुदतपूर्व मोडल्यास किती व्याज कापणार ते लेखी मागा. आकडा काहीही आला तरी माझं मत 'आजच काढा' असंच आहे. पैसा मागितल्यावर चालढकल होतेय असं दिसलं, तर तीच धोक्याची पहिली खूण समजा. रक्कम फक्त आरटीजीएसने मंडळीच्या खात्यात घ्या.

आता महिन्याची तूट. आज ती 17,000 आहे. अशी कमी होते:

साउंडचे उरलेले पाच हप्ते म्हणजे 32,500. बचतीतून एकरकमी फेडा, पण मुदतपूर्व फेडीचा आकार किती ते आधी विचारा. बचत 77,500 राहील, खर्च 51,500 वर येईल. शब्बाथ शाळा व तरुण संघाचे 2,000 कमी करा, 49,500. डायोसिसला सहा महिन्यांचा प्रत्यक्ष जमा-खर्च जोडून असेसमेंट निम्मं करण्याची विनंती पाठवा. तोंडी सांगून काही होत नाही, अर्थ समितीपुढे कागद लागतो. मान्य झालं तर खर्च 45,000, तूट 4,000, म्हणजे बचत 19 महिने पुरते. नाही झालं तर तूट 8,500 आणि नऊ महिने. हे दोन्ही आकडे मंडळीसमोर मांडा. 'अडचण आहे' एवढंच ऐकून लोक हलत नाहीत. 'सप्टेंबरात खातं रिकामं होईल' हे ऐकून हलतात.

गरीब फंडाला हात लावू नका. आणि एक प्रश्न: साउंडचं कर्ज कोणाच्या नावावर आहे? त्याच अधिनियमाच्या कलम 36-अ प्रमाणे, काही अपवाद सोडले तर, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढता येत नाही.

तिसऱ्या मताबद्दल. मंडळीने सभासदांना व्याजाने कर्ज देणं हे कलम 35 मधल्या गुंतवणुकीत बसत नाही. विश्वस्ताने स्वतःसाठी संस्थेचे पैसे उसने घेणं तर सरळ निषिद्ध. ज्या बहिणींना एकमेकींना कर्ज द्यायचं आहे त्यांनी दहा ते वीस जणींचा बचत गट करावा. त्याचं खातं वेगळं, वही वेगळी, मंडळीच्या खजिनदाराचा त्यात हात नको.

परदेशातल्या नातेवाइकांकडून मदत मागायची सूचना पुढे येईलच, म्हणून आत्ताच लिहितो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं दान परकीय अंशदान ठरत नाही. पासपोर्टची प्रत फायलीला लावा. पण ज्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी कायद्याने तो परकीय. मंडळीची एफसीआरए (परकीय अंशदान कायद्याखालची) नोंदणी नसेल तर त्याचं दान घेता येत नाही. तो इथे येऊन थैलीत रुपये टाकेल, तरीही नाही. पुष्कळ मंडळ्या इथेच अडकतात.

जुना_पाळक

दुसऱ्या मताबद्दल लिहितो, कारण जखम तिथे होते.

थकबाकीदारांची नावं वाचू नका. वार्षिक अहवालात नावापुढे रक्कम छापायची रीत जिथे आहे तिथे ती थांबवा, पावती क्रमांक छापा. ज्याला तपासायचं तो आपली पावती जुळवून घेईल. ज्या मंडळीच्या घटनेत वर्गणी थकली की मतदानाचा हक्क जातो, तिथे कमिटीने अडचणीच्या वर्षापुरती वर्गणी माफ झाल्याचा ठराव करून मतदार यादी तशीच ठेवावी. नाहीतर काम गेलेला माणूस आधी मत गमावतो, मग लाजेने रविवारी यायचं सोडतो.

दशांशाच्या शिकवणीत बायबलातलं मलाखी 3:10 ('सगळा दशांश भांडारात आणा') सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याबरोबर अनुवाद 14:28-29 वाचा. तिसऱ्या वर्षीचा दशांश गावाच्या वेशीतच ठेवायचा होता, लेवी (मंदिराचे सेवक), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. म्हणजे आज ज्याच्या घरात चूल पेटत नाही, तो त्या दशांशाचा देणेकरी नसून हक्कदार आहे. लेवीय 5 मध्ये अर्पणाचं मापसुद्धा ऐपतीप्रमाणे उतरतं: मेंढरू परवडत नसेल तर दोन पारवे, तेही नसतील तर एफाचा (धान्याच्या एका मापाचा) दहावा भाग सपीठ. योसेफ आणि मरीया मंदिरात आले तेव्हा त्यांनीही पक्ष्यांच्या जोडीचंच अर्पण आणलं होतं (लूक 2:24). गरिबाचं अर्पण प्रभूच्या घरातूनच आलेलं आहे, हे वेदीवरून सांगा.

कर्ज काढून दशांश देऊ नये. 2 करिंथ 8:12 स्पष्ट आहे, ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे त्याचं दान मान्य होतं, नाही त्याप्रमाणे नव्हे. आईबापाच्या औषधाचे पैसे 'कुर्बान' (देवाला वाहिलेलं) म्हणून मंदिरात देणाऱ्यांना प्रभूने काय सुनावलं ते मार्क 7:11-13 मध्ये आहे.

याची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. ज्यांचा पगार चालू आहे, पेन्शन आहे, त्यांनी संकटाच्या आडून हात आखडू नये. कमिटीतल्या दोघांनी अशा घरांना भेट देऊन सहा महिन्यांसाठी दरमहा ठराविक रक्कम विचारावी, 300, 500, जे असेल ते. वेदीवरून सरसकट आवाहन केलं की ज्याच्याकडे नाही त्याच्याच मनाला लागतं, आणि ज्याच्याकडे आहे तो शेजाऱ्याकडे पाहतो. 21 घरांनी 200 वाढवले तरी वरची 4,000 ची तूट भरते.

पैशाऐवजी धान्य आणि श्रम घ्या. मिझोरामच्या मंडळ्यांत घरोघरी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, ते गोळा करून विकतात आणि त्यावर मिशनकार्य चालतं. आपल्याकडे हंगामाच्या उपकारस्तुतीला (पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी) अर्पणात आलेल्या वस्तूंचा लिलाव आहेच. त्यात उधारीची बोली मात्र बंद करा. उत्साहात 2,000 ला घेतलेला भोपळा वर्षभर वहीत थकीत दिसतो आणि दोघांचं बोलणं बंद होतं. बोली लागली की तिथेच रोख किंवा क्यूआर.

महिला_संघ_जालना

घरांबद्दल मी लिहिते.

पहिलं काम, एका कागदावर सगळी कर्जं मांडायची. कोणाचं, किती बाकी, हप्ता किती, तारीख कोणती, व्याज कसं. नवरा-बायको दोघांनी एकत्र बसून. बहुतेक घरांत एकमेकांपासून लपवलेलं निदान एक कर्ज निघतंच, आणि ते कागदावर नसलं तर पुढचा सगळा हिशेब खोटा ठरतो.

व्याज कसं, हे नीट समजून घ्या. 40,000 रुपये वर्षासाठी 18 टक्के फ्लॅटने (पूर्ण मूळ रकमेवर व्याज धरून) घेतले तर व्याज 7,200, हप्ता 3,933. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, म्हणून घटत्या शिलकीवर तोच दर जवळपास 32 टक्के पडतो. 'पाच रुपये शेकडा' म्हणजे महिन्याला पाच टक्के: 20,000 वर वर्षाला 12,000 व्याज गेलं आणि 20,000 तसेच उभे. क्रेडिट कार्डाला महिन्याला साडेतीन टक्के धरले तरी वर्षाचे 42 होतात, आणि 'किमान देय' भरत राहिलात तर मुद्दल हलतच नाही.

फेडायचा क्रम: सावकार, मग कार्ड आणि मोबाइल ॲपचं कर्ज, मग गटाचं (मायक्रोफायनान्स कंपनीचं), शेवटी घराचं किंवा बँकेचं. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवून सावकाराचं फेडणं हे सोनं जपण्यापेक्षा शहाणपणाचं आहे. 12 टक्के वार्षिक धरलं तरी त्याच 20,000 वर वर्षाला 2,400 पडतील, 12,000 नव्हे. तारणाची मुदत आणि लिलावाची तारीख कॅलेंडरवर लिहा. दागिने जातात ते बहुतेक व्याजापायी नाही, तारीख विसरल्यामुळे.

गटाच्या कर्जाचं. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, हे थांबवलं नाही तर बाकी काही उपयोगाचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे सूक्ष्म कर्ज वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मिळतं, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. लवकर फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीवाल्याने सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही, धमकी-शिवीगाळ तर नाहीच. हप्ता चुकणार हे कळताच, चुकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या: काम कमी झाल्याचा पुरावा जोडा, हप्ता किती झेपेल तो आकडा लिहा, पोच घ्या. चुकल्यानंतर गेलात तर तोपर्यंत गटातल्या बायकांनी आपल्या पदरचे भरलेले असतात, आणि भांडण मंडळीत येतं.

विनापरवाना सावकाराने कोरा चेक किंवा जमिनीचा कागद घेतला असेल, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे (सहकारी संस्था) तक्रार करता येते. ॲपवाल्यांची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर. नियमाप्रमाणे कर्जाची रक्कम थेट तुमच्याच खात्यात यायला हवी आणि शुल्क-व्याजाचा एकत्रित तक्ता आधी मिळायला हवा. हे दोन्ही नसेल तर घेऊच नका.

खर्च कापताना विमा कापू नका. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला 436 रुपये (18 ते 50 वय) आणि अपघाताचा सुरक्षा विमा 20 रुपये, दोन्हींत 2-2 लाखांचं संरक्षण, पैसे खात्यातून आपोआप जातात. मे अखेरीला खात्यात 456 शिल्लक नसतील तर विमा तुटतो, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात महिला संघात आठवण करा. दवाखान्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार आहेत. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळत नसतील तर ती दुरुस्ती आजच करून ठेवा. बाप्तिस्म्याचं नाव एकीकडे आणि शाळेतलं दुसरीकडे, हा घोळ आपल्या लोकांत फार आहे आणि तो नेमका ॲडमिट झाल्यावर उघडतो.

आणि जामीन राहू नका. मंडळीतल्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही म्हणून लोक सही करतात. नीतिसूत्रे 22:26-27 ('दुसऱ्याच्या कर्जाला जामीन होऊ नको') त्याला दाखवा, म्हणजे तुम्हाला फार बोलावं लागणार नाही.

वसईकर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे रचना वेगळी आहे (कॅनन 537, म्हणजे आमच्या चर्चच्या कायद्यातल्या कलमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, अर्थ समिती असावीच लागते), पण मदत वाटपाची पद्धत कुठेही चालेल. गरिबांना मदत करणाऱ्या आमच्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची जुनी रीत म्हणजे दोघांनी मिळून घरभेट. एकटा कधीच नाही, आणि मागणाऱ्याला कार्यालयात बोलवायचं नाही. दोघं जे पाहतात ते समितीत घराचं नाव न घेता नोंद क्रमांकाने सांगतात.

रोख देणं टाळा. शाळेची फी शाळेच्या खात्यात, औषधाचं बिल दुकानदाराला, वीजबिल ग्राहक क्रमांकावर. संशय हे याचं कारण नाही. हातात रोख आली की दारात उभा असलेला वसुलीवाला ती आधी नेतो, आणि मुलाची फी तशीच राहते. एका घराला एका वेळी किती आणि वर्षात किती, ही मर्यादा अर्ज येण्याआधी ठरवा. नाहीतर पहिल्या दोन घरांत फंड संपतो. तुमच्या 3,000 च्या फंडात एका वेळी 1,500 आणि सहा महिन्यांत दोनदा, इतपत बसेल. 'उसने' म्हणून काही देऊ नका. परतफेड होत नाही, आणि माणूस मंडळीपासून तोंड लपवतो. दिलं ते दिलं.

तुमच्याकडे प्रभुभोजनाच्या रविवारची थैली सरळ गरीब फंडात जात नसेल तर ती तशी वळवा. लोक त्या दिवशी हात सैल सोडतात.

हंगामी_खजिनदार

सर्वांचे आभार. ताळेबंददादा, साउंडचं कर्ज एका कमिटी सदस्याच्या नावावर आहे, मंडळीच्या खात्यातून दरमहा त्यांच्या खात्यात पैसे जातात. हे कसं नीट करायचं? आणि थैली मोजण्याची पद्धतही सांगा. सध्या सभा संपल्यावर मोजतो, सेक्स्टनचा पगार तिथेच देतो, उरलेलं बँकेत.

ताळेबंद

सदस्याचा हेतू चांगला असला तरी वहीत ते 'विश्वस्ताला नियमित रक्कम' असंच दिसतं. साउंडचं बिल कोणाच्या नावाचं आहे ते पाहा. कर्ज देणाऱ्या कंपनीकडून बंद करण्याच्या रकमेचं पत्र घ्या, मंडळीच्या खात्यातून थेट कंपनीला चेक द्या, थकबाकी नसल्याचा दाखला फायलीत लावा. बिल सदस्याच्या नावाचं असेल तर 'साहित्य मंडळीचं आहे, माझा हक्क नाही' असं त्यांच्याकडून लिहून घ्या आणि मालमत्ता नोंदवहीत चढवा. आधी दिलेल्या हप्त्यांची यादी लेखापरीक्षकाला स्वतःहून द्या. त्याने शोधून काढण्यापेक्षा ते बरं.

थैलीतून पगार देणं आजच बंद करा. त्याने जमा कमी दिसते आणि खर्च दिसतच नाही, मग घट खरी किती आणि वाटेत गेलेली किती हे कोणालाच सांगता येत नाही. पद्धत अशी: एकमेकांच्या नात्यातले नसलेले दोघं, दर महिन्याला बदलणारे. 500, 200, 100 अशा नोटांचा तक्ता, दोघांच्या सह्या, खजिनदार तिसरा. तो फक्त तक्ता आणि पिशवी घेतो, मोजत नाही. सोमवारी पूर्ण रक्कम बँकेत, भरणा स्लिप तक्त्याला टाचलेली. सगळे पगार चेकने किंवा खात्यावर. क्यूआर मंडळीच्या खात्याचाच, कोणाच्या वैयक्तिक नंबरचा नको. खात्यावर दोन सह्या. महिनाअखेरीला जमा-खर्चाचं एक पान फळ्यावर. पौलानेही दानाची रक्कम नेताना बरोबर माणसं घेतली होती, कोणी दोष लावू नये म्हणून (2 करिंथ 8:20-21).

विश्वस्त बदलले असतील तर 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल, आणि मार्चअखेरचा लेखापरीक्षण अहवाल 30 सप्टेंबरपर्यंत. मालमत्ता डायोसिसच्या ट्रस्टच्या नोंदणी क्रमांकाखाली असेल तर एफडी हलवण्यापूर्वी त्यांचं पत्र लागेल, म्हणून तो अर्ज असेसमेंटच्या अर्जाबरोबरच पाठवा.

कमिटीत ठराव असा लिहा: 'इमारत निधीची रु. 6,00,000 ची ठेव मुदतपूर्व काढून दोन शेड्यूल्ड बँकांत प्रत्येकी रु. 3,00,000 याप्रमाणे संस्थेच्या नावे ठेवावी. मिळालेलं व्याज इमारत निधीतच जमा करावं. ही रक्कम मानधन अथवा चालू खर्चासाठी वापरू नये.' खाली सूचक, अनुमोदक, हजर सदस्यांच्या सह्या. साउंडचं कर्ज ज्यांच्या नावावर आहे त्या सदस्याने साउंडच्या ठरावावर मत देऊ नये, आणि ते मत दिलं नाही हेही इतिवृत्तात लिहा.